खाज सुटते तेव्हा

सोरायसिस हा त्वचेवर खपल्यांचे चट्टे आणणारा आजार होऊन मला 14 वर्षं झाली. कोपर, गुडघे आणि केसांच्या कडेने कपाळ. मलमाची सवय झाली, खपल्यांची झाली, लोकांच्या नजरेची काही होईना. कुठेही बसले की उठल्या उठल्या मागे वळायचं आणि कुणी बघायच्या आत खुर्ची झटकायची.

समुपदेशक ताईंनी माइंडफुलनेसचा, म्हणजे या क्षणी जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा, 8 आठवड्यांचा कार्यक्रम सुचवला तेव्हा मला रागच आला. रात्री दोन वाजता चादरीला रक्त लागेपर्यंत खाजवणाऱ्या बाईला म्हणायचं, खाजेकडे लक्ष द्या? मी तर तिच्यापासून पळत होते.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मात्र खरंच लक्ष दिलं. हात कोपराशी नेला आणि तिथेच थांबवला. आधी बारीक टोचणी, मग ऊब, मग ती ऊब मनगटाकडे सरकली. तेवढ्यात कळलं, माझे दात घट्ट आवळलेले आहेत आणि खांदे कानांपर्यंत चढलेत. इतकी वर्षं हे कधी जाणवलंच नव्हतं! जबडा सैल सोडला. खाज आणखी वाढली, शिगेला पोचली आणि हळूहळू ओसरली. दर वेळी असं होत नाही. पण सोरायसिसमध्ये ओरखडा उठला की तिथेच नवा चट्टा येऊ शकतो, म्हणून टळलेला प्रत्येक ओरखडा मला मोलाचा वाटतो.

माइंडफुलनेस वैद्यकात रुजवणाऱ्या जॉन कबाट-झिन यांनी सहकाऱ्यांसोबत 1998 साली सोरायसिसच्या 37 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकाशोपचार, म्हणजे त्वचेवर अतिनील किरण सोडण्याचा उपचार, घेताना ज्यांनी ध्यानाच्या सूचनांची टेप ऐकली, त्यांची त्वचा लवकर निवळली. अभ्यास छोटा आहे, म्हणून त्यावरून कुणी औषध सोडू नये. माझे चट्टे आहेत तिथेच आहेत, मलमही चालू आहे. बदललं ते वेगळंच. ‘सगळ्यांना माझी किळस येते’ हा विचार आला की आता तो विचार म्हणून ओळखू येतो. पूर्वी मला ते सत्यच वाटायचं.

एक गोष्ट मी फार उशिरा केली, ती तुम्ही लवकर करा. इतकी वर्षं डॉक्टरांना मी फक्त चट्टे दाखवले. झोप लागत नाही, रडू येतं, लग्नकार्यं टाळते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटी एकदा बाही खाली ओढता ओढता बोलले. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि समुपदेशक ताईंचा नंबर दिला.