शोधनोंद : यंत्राचे अंदाज बंद करण्याच्या युक्त्या

मागच्या टप्प्यात दिसेल तो ऑपरेटर, म्हणजे शोधचौकटीत शब्दांसोबत लिहायची खूण किंवा आज्ञा, वहीत उतरवून घेतला होता. या वेळी चाळणी लावली. जी युक्ती शोधयंत्राला अंदाज बांधायला जागा ठेवत नाही, तीच रोजच्या वापरात ठेवायची. आपण चार शब्द लिहितो, यंत्र त्यात समानार्थी, जवळचे, जास्त शोधले जाणारे शब्द स्वतःहून मिसळतं. हवामान बघायचं असेल तर हे सोयीचं पडतं. एखादी दुर्मीळ गोष्ट हुडकायची असेल तर नेमकं हेच आड येतं.

सुरुवात गूगलच्या व्हर्बॅटिमपासून. २०११ पासून ही सोय आहे, पण निकालांच्या पानावरच्या 'टूल्स' बटणाच्या आतल्या यादीत असल्यामुळे फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. ती लावली की लिहिलेले शब्द जसेच्या तसे शोधले जातात. अवतरणचिन्हांपेक्षा ही वेगळी गोष्ट आहे : अवतरणात शब्दांचा क्रमही बांधला जातो, व्हर्बॅटिममध्ये फक्त शब्द बांधले जातात. अवतरणांबद्दल एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुळलेला शब्द पानावर डोळ्यांना दिसेलच असं नाही; तो चित्राच्या पर्यायी मजकुरात (चित्रामागे लिहिलेल्या, एरवी न दिसणाऱ्या वर्णनात) किंवा पानाच्या पत्त्यातही असू शकतो. त्यामुळे पान उघडून शब्द सापडला नाही तर लगेच परत फिरू नका, पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा मूळ कोड, उघडून तिथे शोधा.

२०२४ मध्ये आलेला 'वेब' फिल्टरही असाच. तो लावला की वरचे एआयचे सारांश आणि चौकटी जातात, निव्वळ दुवे उरतात. दर वेळी क्लिक करण्याऐवजी शोधाच्या पत्त्यात 'यूडीएम', बरोबरचं चिन्ह आणि १४ एवढं जोडलं तरी चालतं. हे मी ब्राउझरमध्ये कायमचं बसवून टाकलंय. सेटिंगमध्ये स्वतःचं सर्च इंजिन जोडायची सोय असते. तिथे हा पत्ता द्यायचा, शोधशब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान 'एस' लिहायचा आणि एक अक्षर शॉर्टकट म्हणून ठेवायचं. आता अॅड्रेस बारमध्ये ते अक्षर, स्पेस, शब्द, की थेट कोरे दुवे. या टप्प्यातली सगळ्यात जास्त वापरली गेलेली गोष्ट हीच. डकडकगो या शोधयंत्राच्या 'बँग' शॉर्टकटचं तत्त्वही तेच : उद्गारचिन्ह आणि डब्ल्यू लिहिलं की शोध सरळ विकिपीडियात जातो. फक्त तिथे पोचल्यावर गोपनीयतेचे नियम त्या साइटचे लागू होतात.

आता तारखांचा प्रयोग, ज्यात सगळ्यात जास्त रमलो. 'बिफोर' आणि 'आफ्टर' हे दोन ऑपरेटर गूगलने २०१९ मध्ये आणले. चाचणीसाठी प्लूटो निवडला, कारण त्याची तारीख पक्की आहे : २४ ऑगस्ट २००६ ला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. 'बिफोर', कोलन आणि लगेच ती तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने दिली. प्लूटोला बिनदिक्कत नववा ग्रह म्हणणारी पानं आली, पण मध्येच 'बटुग्रह' म्हणणारीही डोकावली. उघड आहे, गूगलला पानाची तारीख ताडावी लागते आणि जुन्या तारखेचं पान नंतर बदललेलंही असू शकतं. म्हणून तारखेचा शोध ही पहिली पायरी, पडताळणी वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जतन करणाऱ्या साइटवर.

वेबॅक मशीनचीही एक बाजू कमी लोकांना माहीत आहे. एखाद्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आणि तारांकन दिलं, की त्या साइटची जतन झालेली पानं आणि फाइल्स यादीत मिळतात. वरच्या चौकटीत 'पीडीएफ' टाकून यादी गाळता येते. बंद पडलेल्या साइटवरची जुनी माहितीपुस्तिका शोधायला याहून चांगला रस्ता मला सापडलेला नाही. ज्या फाइलचं नावच ठाऊक नाही तीसुद्धा अशी हाती लागते.

देवनागरीतला शोध मात्र वेगळंच प्रकरण आहे आणि त्यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक कोड देणारी सामाईक पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये अक्षराची आकृती देवनागरी असायची, पण साठवलेला कोड रोमन अक्षरांचा किंवा चिन्हांचा. असा मजकूर युनिकोडमध्ये शोधून सापडणारच नाही. यावरचा उपाय फार आवडला : त्याच फॉन्टमधल्या एखाद्या पीडीएफमधून हवा तो शब्द कॉपी करायचा, पेस्ट केल्यावर जी अगम्य अक्षरं उमटतील तीच अवतरणात टाकून शोधायची. तोच फॉन्ट वापरलेली इतर पानं वर येऊ लागतात. प्रत्येक वेळी नाही, पण आली की हात थरथरतात.

युनिकोडमध्येही पेच आहेतच. 'दऱ्या'मधला र दोन प्रकारे साठवला जातो : एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या मजकुरात त्याजागी अ आणि त्यावर चंद्र असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. शब्दशः जुळणी करणाऱ्या साधनाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून दोन्ही रूपं अवतरणात टाकून मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांतलं 'ओआर' देतो.

याच कामासाठी विकिपीडियाच्या शोधचौकटीतलं 'इनसोर्स' उपयोगी आहे. कोलननंतर दोन तिरप्या रेघांमध्ये लिहिलं की ते रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नेमका साचा, म्हणून धरलं जातं आणि पानाचा मूळ मजकूर अक्षर न् अक्षर तपासला जातो. नुसतं चालवलं तर शोध रेंगाळून अर्धवट थांबतो, तेव्हा सोबत 'इनटायटल' किंवा वर्गाची अट जोडावी.

चित्रांसाठी टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साइटवर 'सर्वांत जुने' हा क्रम लावून पाहा. तिथली तारीख टिनआयला ते चित्र पहिल्यांदा सापडल्याची असते, प्रकाशनाची नव्हे. तरी मूळ स्रोताची दिशा कळते. गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रात एखाद्या शोधनिबंधाखालच्या 'सायटेड बाय'वर गेलात तर वर खूण करायची छोटी चौकट असते. ती केली की फक्त त्या निबंधाचा हवाला देणाऱ्या लेखांतच शोध चालतो. हजारो हवाले असलेल्या निबंधासाठी ही मोठीच सोय आहे.

जुन्या याद्यांमधून आता खोडायचे गूगलचे ऑपरेटर : अधिक चिन्ह (२०११ मध्ये गेलं), समानार्थी शब्दांसाठीची नागमोडी रेघ (२०१३), एखाद्या पानाकडे दुवा देणारी पानं दाखवणारा 'लिंक' (२०१७), पानाची साठवलेली प्रत दाखवणारा 'कॅश' (२०२४). हे अजूनही नव्या लेखांत चालू म्हणून छापले जातात. 'अराउंड' हा दोन शब्दांमधलं अंतर बांधणारा ऑपरेटर मी खोडलेला नाही. त्याचे निकाल कधी नेमके येतात, कधी काहीच फरक पडत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह लावून ठेवलाय.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राचा 'कंटेन्स' ऑपरेटर धरणार आहे. विशिष्ट प्रकारच्या फाइलकडे दुवा देणारी पानं तो शोधतो, म्हणजे फाइलऐवजी तिची यादी ठेवणारा माणूस सापडण्याची शक्यता. त्यासोबत मार्जिनेलिया, लहान, मजकूरप्रधान साइट्सना वर आणणारं शोधयंत्र. दोन्हींवर तेच प्रश्न टाकून निकाल शेजारी शेजारी ठेवेन. कुणाकडे युनिकोडपूर्व फॉन्टमधले शोध यशस्वी झाल्याची उदाहरणं असतील तर फॉन्टच्या नावासह कळवा, तक्ता करायला घेतलाय.