रॅमसाठी चौघांची टीम: पायांआधी गाड्यांचं वेळापत्रक

कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघायचं आणि अमेरिका आडवी ओलांडून पूर्व किनारा गाठायचा. अंतर सुमारे ४,९०० किमी, टीमला मुदत ९ दिवस. ही 'रेस अक्रॉस अमेरिका', म्हणजे सायकलवाल्यांची 'रॅम'. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. एखाद्या संस्थेसाठी निधी उभारायचा आणि त्या निमित्ताने रॅमला जायचं, हा विचार आता आपल्याकडच्या सायकल ग्रुपांना नवा राहिलेला नाही. पण तयारी म्हटलं की सगळे किलोमीटर मोजायला लागतात, आणि चौघांच्या रिलेत नेमकं तिथेच चुकतं.

हिशोब मांडून बघा. ९ दिवस म्हणजे २१६ तास. ताशी सरासरी साधारण २२.७ किमी पडते, तीही रस्ता चुकणं, सिग्नल, पंक्चर, सगळं धरून. प्रत्येकाच्या वाट्याला येतात सव्वाबाराशे किलोमीटर आणि दिवसाला सहा तास सायकल. ६०० किमीची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) ४० तासांत काढणाऱ्याला हे अवघड नाही. अवघड आहे ते हे सहा तास वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, अर्धवट झोपेत, आठ-नऊ दिवस रोज काढणं. आणि त्या झोपेचा हिशोब पायांवर नाही, मागच्या गाड्यांवर ठरतो.

चौघांच्या दोन जोड्या करायच्या. एक जोडी रस्त्यावर, दुसरी मोटरहोममध्ये, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, झोपलेली. पाळी सहा तासांची ठेवावी असं बहुतेकांना पहिल्यांदा वाटतं, कारण ती सोपी दिसते. पण २४ ला ६ ने भागलं की चार पाळ्या होतात, आणि मध्यरात्र ते पहाट ही पाळी दरवेळी त्याच जोडीच्या नशिबी येते. चौथ्या दिवसापर्यंत ती जोडी पार बसते. आठ तासांची पाळी ठेवली तर दिवसाला तीन पाळ्या पडतात, त्यामुळे रात्र आपोआप आलटून पालटून वाटली जाते आणि झोपही सलग पाच तास मिळू शकते. आमचं मत आठच्या बाजूने. मात्र तेवढ्या वेळात रेस पावणेदोनशे-एकशेऐंशी किमी पुढे सरकते. मोटरहोमने आधी तिथे पोचून उभं राहायला हवं, नाहीतर झोप धावत्या गाडीत जाते आणि तिला झोप म्हणत नाहीत.

आता बदली. वीस मिनिटांनी एक उतरतो, दुसरा निघतो. दिवसाच्या बारा तासांत ३६ बदल्या आणि रात्री ४० मिनिटांचा तुकडा धरला तर १८. रोज ५४, आठच दिवस धरले तरी ४३२. प्रत्येक बदलीत ३० सेकंद गेली तर ३ तास ३६ मिनिटं गेली. तीच बदली ५ सेकंदांत बसवली तर फक्त ३६ मिनिटं. म्हणजे पायांचा जोर एक वॅटही न वाढवता तीन तास वाचतात. नियम असा, की येणाऱ्याचं चाक वाट बघणाऱ्याच्या चाकाला बरोबरीत यावं लागतं. थांबलेल्याने एक बूट आधीच क्लिपमध्ये अडकवायचा, गिअर हलका ठेवायचा आणि नजर मागे ठेवायची. सगळ्यात जास्त वेळ जातो तो निघताना जड गिअरवर झगडण्यात. गाडी पांढऱ्या रेषेपासून निदान ५ फूट बाहेर लावायची. आपल्याकडच्या चालकांना इथे सवय आड येते: गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला घ्यायची असते, आणि रायडरने उजव्याच दारातून उतरायचं असतं. हा सराव तिथे पोचल्यावर मोकळ्या मैदानात दोन दिवस तरी करावा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून आधीच काढून ठेवायचा, तोही सगळ्या चालकांचा.

संध्याकाळी ७ ते सकाळी ७ रायडर मागच्या गाडीच्या हेडलाइटच्या उजेडातच हवा. हा नियम जोडीच्या कामात एक पेच घालतो. एकच व्हॅन असेल तर ती रायडरच्या मागे बांधलेली, मग दुसऱ्याला पुढे सोडणार कोण? म्हणून रात्री त्याच जोडीला दोन व्हॅन लागतात: एक मागे आणि एक पुढे जाऊन थांबणारी. प्रत्येक व्हॅनमध्ये चालक आणि वाटाड्या, दोन पाळ्यांत आठ जण. वर मोटरहोमचे दोन चालक आणि एक स्वयंपाकी. अकराच्या खाली गेलात तर कुणीतरी अठरा तास स्टिअरिंगवर बसणार. निधीसाठी निघालेल्या टीमला इथेच खर्च कापायचा मोह होतो, आणि इथेच कापू नये.

पिवळे लुकलुकते दिवे छतावर आणि संथ वाहनाचा त्रिकोण गाडीच्या मागे बसवायचा असतो. लोहचुंबकावर भरवसा ठेवला असेल तर भाड्याच्या व्हॅनचं छत ॲल्युमिनियमचं निघू शकतं, आणि त्यावर चुंबक बसत नाही. पट्टे सोबत ठेवा.

सराव त्या तुकड्यांसारखाच हवा. रात्री दोनला उठून २० मिनिटं जोरात, २० मिनिटं गाडीत बसून, असं चार तास. गाडीत बसल्यावर पाय आखडतात आणि पुन्हा सायकलवर बसल्या-बसल्या जोर लावावा लागतो. हे शरीराला शिकवल्याशिवाय येत नाही. कसारा, खंबाटकी, आंबोली चढायला पुरेसे आहेत. कोलोरॅडोतल्या वुल्फ क्रीक पासची उंची मात्र ३,३०९ मीटर, तेवढी सह्याद्री देणार नाही. तिथे तुकडे १० मिनिटांचे करायचे, एवढाच उपाय. गाड्यांसकट संपूर्ण रंगीत तालीम करायला पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगर बरी. ६४३ किमीमध्ये बदल्यांतले सगळे घोळ उघडे पडतात.

सायकली. चौघांच्या पेडलची जात एक असावी, थ्रू-ॲक्सल (चाकाचा आरपार दांडा) आणि कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) चकत्याही सारख्या, म्हणजे चाकं आणि वेळप्रसंगी सायकलही अदलाबदल करता येते. तरी डिस्क ब्रेकची चकती केसभर इकडे-तिकडे बसते आणि पॅडला घासते. चाकं आधीच एकमेकांत लावून बघा, लागेल तिथे पातळ वॉशर घाला. रिअर डेरेलर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग, ज्यावर टांगतात तो हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा. विमानात सायकल आपटली की पहिला वाकतो तो हँगर, आणि कॅन्ससच्या गावात तुमच्या मॉडेलचा मिळणार नाही. प्रत्येकी दोन न्या. २८ मिमी टायर, पुढे ५० आणि ३४ दातांची चक्रं आणि मागे ३४ दातांपर्यंत. पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरांचे चढ शेवटच्या दोन दिवसांत येतात तेव्हा ३४ ची लाज वाटत नाही. वाळवंटात आणि कॅन्ससमध्ये गोखरूसारखे काटे असतात, ट्यूबा मोजून नेऊ नका.

खाण्यात ताशी ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि उन्हात ताशी पाऊण लिटर पाणी, त्यात मीठ. पहिल्याच दिवशी बोरेगो स्प्रिंग्जच्या वाळवंटात पारा ४५ अंशांकडे जातो. तिसऱ्या दिवशी गोड जेल बघूनच मळमळतं, आणि मग खिचडी, दहीभात, उपमा यांची किंमत कळते. राइस कुकर मात्र घरून नेऊ नका. अमेरिकेत वीज ११५-१२० व्होल्टची, आपला कुकर २३० चा. निम्म्या व्होल्टवर तापण्याची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते आणि भात तासभर नुसता कोमट राहतो. कुकर तिथेच घ्या, तांदूळ-डाळ लॉस एंजेलिसजवळच्या आर्टेशियात सहज मिळते. शॉर्ट्स प्रत्येक पाळीला कोरडी आणि धुतलेली. बैठकीला फोड आला की सगळं गणित संपलं.

घड्याळाचा गोंधळ वेगळाच. रेसची वेळ पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने चालते, पण रात्रीचा नियम स्थानिक वेळेने. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्याच राज्यातला नवाहो आदिवासींचा प्रदेश करतो. त्या प्रदेशातल्या ट्यूबा सिटी गावाच्या आसपास फोन आपोआप तासभर उडी मारतो आणि ७ कधी वाजले यावर व्हॅनमध्ये भांडण होतं. वेळ आपोआप न बदलणारं, हाताने लावायचं एक घड्याळ डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. तिथेच मोबाइलचं नेटवर्क जातं, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्या. वाटाड्याने पुढची दोन वळणं मोठ्याने सांगत राहायचं. चुकलात तर जिथे मार्ग सोडला तिथेच परत येऊन पुढे जायचं.

निधीबद्दल थोडक्यात. प्रवेश शुल्क, विमान, भाड्याच्या गाड्या यांचे पैसे प्रायोजकांकडून किंवा स्वतःच्या खिशातून, आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यात. दोन्ही खाती एकमेकांच्या जवळही नकोत. देणगीदाराने विचारण्याआधीच हे लिहून टाका. देणगीवर आयकर सवलत (१९६१ च्या कायद्यात कलम ८०जी) हवी असेल तर २,००० रुपयांवर रोख चालत नाही, आणि सवलतीसाठी संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (त्या कायद्यात फॉर्म १०बीई) मिळायला हवं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून मदत येते तेव्हा पासपोर्ट विचारावा लागतो: भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही, पण ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस) कायद्याने परदेशी. त्याची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास त्यासाठीच्या खात्यातच घेता येते. संस्थेकडे ही नोंदणी नसेल तर रेसच्या वाटेवर भेटणाऱ्या मंडळींना पाकीट काढू न देता बर्फाच्या पिशव्या आणायला सांगा.