‘चर्चा केली जाईल’

संत्र्याच्या फळगळीवरचं, परिषदेला पाठवलेलं ॲब्स्ट्रॅक्ट (अभ्यासाचा सारांश) स्वीकारलं. पोस्टर म्हणून, म्हणजे बोर्डावर लावून शेजारी उभं राहायचं.

फॉर्मवर ओरलसमोर, म्हणजे सभागृहात बोलून मांडण्यासमोर, टिक होती, हे पक्कं आठवतं. त्याच्याच खाली ‘ओरल न मिळाल्यास पोस्टर चालेल का?’ आणि तिथे ‘हो’. ते ‘हो’ माझंच. नाही म्हटलं असतं तर आज सरळ नकार आला असता, तेही कळतं. तरी पोस्टर.

ॲब्स्ट्रॅक्ट तपासून गुण देणारे दोन रिव्ह्यूअर. एकाचे अधिक दोन, दुसऱ्याचा शून्य. वजा तीन ते अधिक तीन अशी पट्टी असते, शून्य म्हणजे इकडे नाही, तिकडे नाही. वजा असता तर मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं. शून्याशी काय भांडणार? शेरा एकच, ‘निष्कर्ष कुठे आहेत?’

संध्याकाळी शब्द मोजले. मर्यादा २५०. त्यातले ११० विदर्भातली संत्री, काटोल-नरखेडचे बगीचे, फळगळीने होणारं नुकसान यांतच गेले, म्हणजे त्या सत्राला बसणाऱ्या प्रत्येकाला जे पाठ असतं तेच. ९० पद्धतीला. उरल्या ५० मध्ये महत्त्व सांगून झालं आणि शेवटी ‘निष्कर्षांवर सादरीकरणात चर्चा केली जाईल’. केली जाईल! सरांनी लाल पेनने तीच ओळ अधोरेखित केली होती. मला वाटलं, आवडली.

आता रिव्ह्यूअरला कोण सांगणार, की आंबिया बहाराची (संत्र्याच्या हिवाळी हंगामाची) फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि तोडणी थेट नोव्हेंबरपासून. मुदत ऑगस्टअखेर. फळ झाडावर असताना शेवटचा आकडा आणायचा कुठून?

पण ऑगस्टपर्यंतचा होता ना. खूण केलेल्या फांद्यांवरची फळं दर पंधरा दिवसांनी मोजलेली, वही टेबलावरच पडलेली. झाडं किती, फांद्या किती, गळ थांबवायला जिबरेलिक आम्ल (वाढीचं संप्रेरक) नि युरिया फवारलेल्या झाडांवर गळ किती आणि न फवारलेल्यांवर किती. दोन ओळींचं काम. ‘१५ ऑगस्टपर्यंतच्या मोजणीनुसार’ एवढं जोडलं की खोटंही होत नाही. पार्श्वभूमी ४० शब्दांत आटपली असती तर जागाच जागा होती.

बाकी सगळं चोख. रिव्ह्यूअरला लेखक कळू नये, नाव लपवायचं म्हणून वर्डच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नावसुद्धा पुसलं (ते पीडीएफमध्येही जातं, पुष्कळांना माहीत नसतं). ‘आमच्या मागील अभ्यासात’ असं कुठेही नाही. आणि मुदत ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ), म्हणजे पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे तारीख संपते तिथली. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच. मी पाठवलं रात्री ११:५५ ला, धापा टाकत. साडेसतरा तास हातात होते. साडेसतरा. जाऊ दे.

प्राचीला फोन केला. म्हणाली, “रडून काय राहिली बे, ओरलमध्ये १२ मिनिटं मिळतात नि ३ प्रश्नांना, त्यातही सत्राध्यक्ष घड्याळ दाखवून राहतो. पोस्टरपाशी दोन तास उभी राहशील बाप्पा, ज्याला खरंच विचारायचं तोच येईल.”

असेल.

पोस्टरचा आकार ए-झिरो, ८४ बाय ११९ सेंटीमीटर. आधी बोर्ड उभा की आडवा ते विचारायचं. आडवं छापून नेलं नि बोर्ड उभा निघाला की दोन्ही बाजूंनी लोंबतं. मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, चार फुटांवरून वाचता यायला हवा. फ्लेक्स नको, घडी पडली की पांढरी रेघ उमटते आणि नळकांडं रेल्वेत सांभाळत न्यावं लागतं. कापडावर छापलं तर घडी करून बॅगेत. नागपुरात बर्डीवरचा बॅनरवाला कापडावर करतो का, बघायला हवं. वाढदिवसाचा नाही म्हटल्यावर आधी फोटो कुणाचा टाकायचा ते विचारेल.

छपाई डिसेंबरात. तोवर पहिली तोडणी झालेली असेल. आराखड्यात निष्कर्षाचा चौकोन मधोमध, सगळ्यात मोठा घेतलाय. सध्या रिकामा आहे.