मावशीकडून

रविवारी सकाळी आमच्या घरातून दोन पिशव्या बाहेर पडतात. एक नवऱ्याच्या हातात, मटणाच्या दुकानाकडे. दुसरी माझ्या खांद्यावर, लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजाराकडे. अकराच्या सुमारास दोघं परत आलो की सासूबाई दोन्ही पिशव्यांकडे बघून एकच प्रश्न विचारतात, "काय भावानं मिळालं?" मटणाचा भाव ऐकून त्या सुस्कारा सोडतात. माझ्या पिशवीचा भाव ऐकून मात्र काहीच बोलत नाहीत. ते न बोलणं मटणापेक्षा महाग पडतं.

माझ्या पिशवीत असतं काय? काच नसलेला कंदील. तीन पायांतला एक आखूड असलेलं पितळी तिवई-शेगडीचं काहीतरी, ज्याचं नेमकं नाव अजून कुणाला सांगता आलेलं नाही. कुणाच्या तरी आजोबांचा अडकित्ता. एकदा तर बिनकिल्लीचं कुलूप घेतलं होतं. विकणाऱ्याचं म्हणणं, "ताई, उघडं हाय म्हंजे चालू हाय." यावर मला उत्तर सुचलं नाही आणि उत्तर सुचलं नाही की मी पैसे काढते.

म्हणून तर मास्तरीण बरोबर लागते. ही माझी मैत्रीण शाळेत कधीच शिकवत नव्हती, बँकेत होती; पण रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांच्या चुका जागच्या जागी तपासते, म्हणून मास्तरीण. आठवडी बाजाराच्या कडेला जुनंपानं मांडून बसलेली माणसं तिला लांबून ओळखतात आणि पोत्यावरच्या वस्तू उगाच सरळ करू लागतात.

"तू गप बस. मी बोलतो," ती मला आधीच बजावते. (कोल्हापूरच्या बायका आम्ही, ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतो. पुण्याच्या माझ्या जावेला आजही ते ऐकून हसू येतं. येऊ दे.) मग तिचं तंत्र सुरू होतं. जी वस्तू हवी तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. आधी शेजारच्या फुटक्या बरणीचा भाव विचारायचा, तो ऐकून कपाळाला हात लावायचा, तिसरीच वस्तू उचलून तिच्यातली चीर दाखवायची आणि निघता निघता, चप्पल सरळ करता करता, "आणि ह्याचं काय?" माणूस थकलेला असतो. त्यातून भवानी व्हायची असेल तर मास्तरीण सांगेल तो भाव.

पण तिची खरी विद्या टिचकीत आहे. भांडं तीन बोटांवर तोलायचं आणि दुसऱ्या हाताने काठावर टिचकी मारायची. काशाचा आवाज लांबत जातो, देवळातून बाहेर पडलं तरी घंटा कानात राहते तसा. पितळ लवकर थांबतं. जर्मनचं पातेलं, म्हणजे आपलं अ‍ॅल्युमिनियम, नुसतं ‘टप’ म्हणतं आणि गप्प. भेग असेल तर कुठल्याही धातूचा आवाज बसतो, सर्दी झाल्यासारखा. कोल्हापूरकर ऊठसूट ‘नाद खुळा’ म्हणतात, पण नाद तपासून घेणारी बाई मी ही एकच पाहिली.

तरी दोघी मिळून फसलोच. पुरानंतरच्या दिवाळीत एक लाकडी कॅबिनेटचा रेडिओ घेतला. 2019 चा तो पूर. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43, हे इथे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्या वर्षी पाणी पन्नासच्याही पुढे गेलं आणि नंतर कित्येक घरांतलं सामान रस्त्यावर आलं. रेडिओच्या बगलेवर चार बोटांवर एक करडी रेघ होती. मास्तरीण म्हणाली, "पॉलिश उडालंय." घरी येऊन मागची फळी काढली, तर आत वाळलेला गाळ आणि त्यात एक पाल, सांगाडाच फक्त. रेघ पॉलिशची नव्हती. तो रेडिओ आम्ही परत केला नाही. फळी लावून टाकली आणि आता त्यावर फोन चार्जिंगला ठेवतो.

घरात या सगळ्याला ‘भंगार’ हा एकच शब्द आहे. त्यावर माझं एक ठेवणीतलं उत्तर असतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर उचलून आणला होता. ते यंत्र कसं चालतं हे बघता बघता स्वतःचा कॅमेराच करायचं त्यांच्या डोक्यात बसलं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम रेटलं, 1918 पर्यंत कॅमेरा उभा राहिला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट लोकांसमोर आला. म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमाच्या मुळाशी भंगारच आहे. नवरा हे शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "त्यांनी कॅमेरा केला. तू त्या कुलपाचं काय केलंस?"

मुद्दा तोही नाही. मला त्या बाजारात खरं ओढ लावतात ती नाव घातलेली भांडी.

आपल्याकडे भांड्यांना नावं घालतात आणि माणसांना ठेवतात. दुकानदार बिल करता करता विचारतोच, "नाव काय घालायचं?" पूर्वी छिन्नीने ठिपक्याला ठिपका लावून अक्षर काढायचे, मग ते थरथरणारं मशीन आलं. कारण अगदी व्यवहाराचं. लग्नकार्यात पंगतीसाठी आळीभरची भांडी गोळा व्हायची आणि परत करताना भांडण नको. पण नावाबरोबर लोक काय काय घालत गेले! तारीख, प्रसंग, नातं, गाव. ‘चि. सौ. कां.’ एवढी सुरुवात असते, मग मुलीचं नाव, ‘हिच्या लग्नात’ आणि शेवटी देणाऱ्याचं नाव, बहुतेक वेळा मुलीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. एका परातीवर ‘आत्याकडून’ लख्ख वाचता येत होतं. मुलीचं नाव राखेने आणि काथ्याने घासून घासून पार गेलेलं. भांडी घासणारीच आपलं नाव घासून टाकते आणि आत्या मात्र राहते, हे मला फार वेळ पुरलं.

ही भांडी इथवर येतात कशी तेही आम्हाला ठाऊक आहे, कारण आमच्याच घरांतून ती गेली. पितळेच्या पातेल्यात आमटी करायची तर आतून कल्हई हवी, नाहीतर आंबटाने कळकतं. कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाचा एक फिरता हात आणि आतून चांदी. तो यायचा कमी झाला आणि घराघरांत स्टील आलं. माझ्या आईने दोन हंडे आणि एक घंगाळ मोडीत देऊन स्टीलचा डायनिंग सेट आणला होता. तो दिवस मला आठवतो, कारण घरात सणासारखा आनंद होता. कुणालाही वाईट वाटलं नव्हतं. आज मी तसलंच घंगाळ चौपट पैसे मोजून उचलायला निघते, तेव्हा आई म्हणते, "त्यात कोथिंबीर लावणार असशील तर मला सांगू नको."

नावाच्या भांड्यांवरून आमच्या दोघींत वाद आहे. मी ती वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि जमलं तर घेते. मास्तरणीचा नियम उलटा: नाव असलेलं भांडं घ्यायचं नाही. "दुसऱ्याच्या पासबुकातनं पैसे काढल्यागत वाटतं," म्हणते. विकणाऱ्यांना दोन्हीचं काही नाही. त्यांचा तराजू नाव वेगळं तोलत नाही. अलीकडे मात्र ते ‘अँटिक’ हा शब्द शिकलेत आणि तो शब्द बराच जड निघाला.

श्रावणातली गोष्ट. पावसाने बाजार निम्माच भरला होता. प्लास्टिकच्या कागदाखाली एक म्हातारे बाबा चार-पाच पितळी वस्तू घेऊन बसले होते: एक मापटं, एक चिपटं, बिनकडीची कळशी आणि बसका तांब्या. मी चिपट्यावर झडप घातली. आमच्याकडे तांदूळ अजून चिपट्याने घेतात आणि जुन्या चिपट्याची कड झिजलीय. चार चिपटी म्हणजे शेर, हे मी बाबांना सांगत होते, ते मला सांगत होते, भाव कुणीच काढत नव्हतं. मागून टिचकीचा आवाज आला. मग पुन्हा आला नाही.

वळून बघितलं तर मास्तरीण तांब्या उजेडाकडे धरून उभी. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर. गळ्याशी ठिपक्यांची ओळ होती. नाव तिचंच. आडनाव नव्हतं, नुसतं नाव, आणि पुढे ‘हीस मावशीकडून’.

तिचं नाव काही जगावेगळं नाही. आमच्या वर्गातच त्या नावाच्या तिघी होत्या. मी तसं म्हणालेही.

"किती?" तिने बाबांना विचारलं. फुटक्या बरणीची चौकशी नाही, चप्पल सरळ करणं नाही.

"सहाशे द्या."

तिने सहाशे दिले. बाबाच जरा गडबडले; घासाघीस होणार म्हणून त्यांनी वर चढवून सांगितलं असणार. थोडं थांबून त्यांनी आपणहून पन्नासची नोट परत केली. मला चिपटं अडीचशेला पडलं. माझ्या वतीने भांडायला कुणी नव्हतं.

चहा पिताना मी म्हटलं, "नियमाचं काय झालं?"

"नाव घालायचं मशीनवाला पैसे घेतो. हे आयतं आलं."

"आणि मावशी? तुझी आई तर एकटीच."

"व्हय," ती म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

तांब्या तिने चिंचेने घासला, अक्षरांवरून मात्र बोट हलकं फिरवून. आता तो तिच्या ओट्याशेजारी असतो, पाणी भरलेला, वर फुलपात्र पालथं. परवा तिच्या घरी गेले होते, तेव्हा तिची सून त्यातून पाणी ओतताना थांबली, ओळ वाचली आणि म्हणाली, "आई, ही मावशी कुठली हो? कधी ऐकलं नाही."

"होती एक," मास्तरीण कणीक मळता मळता म्हणाली, "लक्ष्मीपुरीची."