एमसीएचा प्रवेश आणि माझी दोन नावं

बीकॉम झालेल्याला एमसीए, म्हणजे संगणकातली पदव्युत्तर पदवी, करता येतं का, असं ऑफिसातल्या मुली मला अजून विचारतात. येतं. मी स्वतः इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, दूरस्थ पद्धतीने करते आहे. माझ्या वेळी मोठी अट गणिताची होती, ते बारावीला किंवा पदवीला हवं होतं. आपल्याकडे अकरावी कॉमर्सला गणित की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) असा पर्याय असतो आणि एसपीत मार्क पडतात म्हणून बरेच जण तिकडे जातात. मी वडिलांच्या आग्रहाखातर गणित घेतलं होतं, ते इतक्या वर्षांनी कामी आलं. संगणकाची पदवी नसेल तर इग्नूत दोन ब्रिज कोर्स जास्तीचे करावे लागतात, एक सी आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषांचा, दुसरा डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा. 2020-21 पासून एमसीए तीनऐवजी दोन वर्षांचं झालं, पण इग्नूत ते चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. नोकरी आणि घर सांभाळून शिकणारीला ही सवलत फार मोलाची आहे. दूरस्थ पदवीला किंमत नसते असं सांगणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

एवढी माहिती मला एका संध्याकाळी मिळाली. अडकले ती नावापाशी.

बीकॉमच्या मार्कशीटवर माझं नाव आडनावापासून सुरू होतं. माहेरचं आडनाव, मग मी, मग वडील, आणि शेवटी आईचं नाव. आधारवर मी, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. दोन्हीकडे सारखा असा एकच शब्द, माझं स्वतःचं नाव, आणि त्याचंही इंग्रजी स्पेलिंग वेगळं. मार्कशीटवर डबल ई, आधारवर आय. लग्नानंतर बँक, पॅन, पीएफ सगळीकडे सासरचं नाव लागलं आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

2024 पासून दूरस्थ शिक्षणाच्या प्रवेशाला डेब आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक, लागतो. तो काढायला आधी एबीसी आयडी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या खात्याचा क्रमांक) हवा, एबीसी आयडी डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर नाव उचलतं आधारवरून. म्हणजे प्रवेशाच्या फॉर्मवर सासरचं नाव आणि खाली जोडलेल्या मार्कशीटवर माहेरचं. फॉर्म परत आला. नावात तफावत, पुरावा जोडा. तपासणाऱ्याला मी दोष देत नाही, ही एकच बाई आहे हे कागद बघून त्याला कसं कळावं?

मी विवाह नोंदणीचा दाखला काढला. मग लक्षात आलं की त्यावर वधूचं नाव म्हणून फक्त माहेरचं नाव आहे. अमक्याशी लग्न झालं एवढं तो दाखला सांगतो, लग्नानंतर तिचं नाव काय झालं ते सांगतच नाही. आपल्याकडे बायकांनी नाव बदलायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं आणि तो बदल लिहिलेला एक सरकारी कागद मात्र तिच्या हातात नसतो. याचा मला आजही राग येतो.

गावातल्या एका सेवा केंद्रात गेले. तिथले दादा म्हणाले, "ताई, प्रतिज्ञापत्र करा, काम होऊन जाईल." पाचशेच्या स्टॅम्पवर ते केलं, नोटरी झाली, जोडलं. पुन्हा तोच शेरा. दादांचं आता म्हणणं पडलं, "मग राजपत्रच लागेल." म्हणजे सरकारी गॅझेट, त्यात नावातला बदल छापून जाहीर होतो. हे आधी का नाही सांगितलं विचारलं तर, "कधी कधी चालतं प्रतिज्ञापत्र." प्रवेशाची मुदत अगदी तोंडावर आलेली आणि हे 'कधी कधी'!

कुणी आधारच माहेरच्या नावावर करून घे म्हणालं. ते मी साफ नाकारलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी लग्नानंतर गेली होती. शिवाय मग बँकेपासून पीएफपर्यंत सगळं पुन्हा उलटं फिरवायचं.

राजपत्राचा अर्ज ऑनलाइन असतो. जुनं नाव, नवीन नाव, कारण, पुरावे, फोटो, फी. केंद्रातल्या दादांनी भराभर टाइप केलं. सबमिटच्या आधी मी स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली, तर जुन्या नावात आय. मार्कशीट समोर टेबलावर पडलेली होती. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "ताई, एवढं कोण बघतंय?" मी म्हटलं, "बघणाऱ्यांनीच मला इथे पाठवलंय, दादा." सगळं खोडून पुन्हा भरायला लावलं, मागे रांग कुरकुरत होती तरी. तो आय तसाच राजपत्रात छापला गेला असता तर मार्कशीटवरची बाई पुन्हा वेगळीच ठरली असती. त्या दिवशी मी हटले नाही याचा मला अभिमान आहे.

मध्ये प्रवेशाची मुदत वाढली म्हणून निभावलं. राजपत्र निघालं, त्याची पीडीएफ उतरवून घेतली, फॉर्मला जोडली आणि प्रवेश पक्का झाला. मेसेज आला तेव्हा ऑफिसात जीएसटीचं काम चालू होतं, मी उठून बाहेर गेले आणि आधी वडिलांना फोन केला.

म्हणून लग्न झालेल्या मैत्रिणींना सांगणं एवढंच, की प्रवेशाचा विचार मनात आला की पायथनचं पुस्तक उघडण्याआधी दहावीपासूनचे सगळे कागद आणि आधार टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर राजपत्राच्या अर्जापासून सुरुवात करा. जुनं नाव मार्कशीटवर छापलंय तसंच्या तसं, नवीन नाव आधारवर आहे तसंच्या तसं. अर्ज स्वतः भरा. केंद्रात भरलात तर सबमिट व्हायच्या आधी स्वतः वाचा. मिळालेली पीडीएफ जपून ठेवा. माझी बीकॉमची पदवी एका नावाची आणि एमसीएची दुसऱ्या नावाची असणार, तेव्हा जिथे दोन्ही दाखवायच्या तिथे ती लागेलच.

अभ्यासाचं विचाराल तर असाइनमेंट हातानेच लिहायच्या असतात. महिन्याअखेरीला, खाती बंद करायच्या धांदलीत, त्या होत नाहीत. मी पंधरा तारखेच्या आत उरकते. ब्रिज कोर्सला हलकं समजू नका. पायथन मला एक्सेलच्या सूत्रांमुळे लवकर समजलं, पण सी मधल्या पॉइंटरनी, म्हणजे माहिती मेमरीत कुठे आहे तो पत्ता धरणाऱ्या चलांनी, रडवलं, आणि डेटा स्ट्रक्चर्समधली लिंक्ड लिस्ट, म्हणजे अशा पत्त्यांनी एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी, पॉइंटर कळल्याशिवाय कळत नाही. वहीत चौकोन काढून, बाण जोडून एकेक ओळ चालवून बघितली तेव्हा कुठे जमलं.

प्रॅक्टिकलची हजेरी सक्तीची आहे हेही फॉर्म भरायच्या आधी लक्षात घ्या. अभ्यास केंद्र निवडताना घरून तिथे पोचायला एसटी किती वाजता आहे ते बघा. माझं केंद्र पुण्यात आहे, साताऱ्याहून पहाटेची गाडी धरावी लागते, आणि प्रॅक्टिकलच्या दिवसांत मुलाला आईकडे ठेवते. आणि हो, जून-डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याची फीही वेगळी. प्रवेश झाला म्हणजे परीक्षेला नाव आपोआप जातं असं माझ्याबरोबरच्या एकीला वाटलं होतं, तिचं एक सत्र तसंच गेलं.