शेगडी बाहेर, हवा आत

जानेवारीत निफाडकडच्या गिऱ्हाइकाला पिल्लं द्यायची म्हणजे सोबत चार गोष्टी सांगाव्याच लागतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांवर उतरला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मग कोंबडीच्या पिल्लांना कोण बाहेर काढणार?

माझा धंदा एक दिवसाची पिल्लं आणून वाढवून विकायचा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश लागतात, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. निफाडकडच्या एका वहिनींसाठीची गिरिराज जातीची ६० पिल्लं सहा आठवड्यांची झाली होती. आधी दिवसाचे बल्ब बंद केले, मग रात्रीचे. पोटाखाली, पंखाखाली पिसं भरलीत का, हे हातानं चाचपून पाहिलं आणि सकाळी उन्हं वर आल्यावर पोहोचवली. नवं खुराडं, दाणा, पाणी त्यांना उजेडातच दिसायला हवं.

दिवेलागणीला फोन. "दादा, पिल्लं एकावर एक ढीग करून बसलीत. उठवली तरी परत तिथंच जातात."

गाडी काढली. खुराडं चांगलं, खाली विटांची बुटकी भिंत, वर जाळी. पण जाळीला चारी बाजूंनी ताडपत्री अशी आवळली होती की बोट जाणार नाही. दार उघडताच डोळे चुरचुरले. खाली मागच्या कोंबड्यांचं जुनंच तूस, त्यात पाण्याचं भांडं लवंडलेलं. ताडपत्रीला आतून हात लावला तर तळवा ओला. आणि दारात आजी कोळशाची पेटती शेगडी घेऊन उभ्या.

"आपल्याला लागते ती त्यांना नको होय?"

"आजी, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. ही तर एवढीशी पाखरं."

त्यांनी शेगडी अंगणात नेली आणि स्वतःच शेकत बसल्या. चेहऱ्यावरून पटलं नव्हतं.

ढिगातलं एकेक पिल्लू बाजूला केलं. तळाची दोन लुळी. एक हळूहळू सावरलं, दुसरं गेलं होतं. थंडीनं नव्हे, गुदमरून. पिसं आलेलं कोरडं पिल्लू गारठा काढतं. ओल आणि कोंदट हवा त्याला सोसत नाही. त्यात नव्या जागेचा अंधार, की भिऊन सगळी एका कोपऱ्यात घुसतात.

ओलं तूस पाटीनं बाहेर काढलं, गव्हाचा कोरडा भुसा चार बोटं पसरला. भुशानं भरलेली बारदानं कोपऱ्यांत दाबून कोपरेच बुजवले. ताडपत्री खालून तशीच ठेवली, म्हणजे अंगावर वारं येणार नाही. वरून मात्र वीतभर मोकळी केली. एक बारका बल्ब लावला, उजेडापुरता. वहिनींनी मक्याचा भरडा टाकला. तासाभरानं एक-दोघांच्या गळ्याखालची पिशवी चाचपली, टच्च भरलेली. भरल्या पोटी पाखरू रात्रभर ऊब धरतं. पिल्लं आता सुटी सुटी, भुशात पोट टेकून बसली होती.

आजी म्हणाल्या, "वरून गार वारं येतंय की रे."

"येऊ द्या."

सकाळी फोन आजींचाच. बाकीची सगळी धडधाकट होती, पण तो विषय त्यांनी काढलाच नाही. विचारलं एवढंच, "पाणी बर्फासारखं झालंय. कोमट करून ठेवू, का तेही चालत नाही तुला?"

"ठेवा की. ते चालतं."