पोहण्याच्या स्टार्टची नोंद : ब्लॉक (सूर मारायचा चौथरा) ते 15 मीटर

मागच्या नोंदीत 15 मीटरला 8.1 सेकंद होते, आता 7.6 येतात. फ्रीस्टाइल, बझरपासून डोकं 15 मीटरच्या खुणेवर पोचेपर्यंत. 50 मीटरच्या शर्यतीत अर्धा सेकंद म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मला जास्त आनंद याचा आहे की हा फायदा नेमका कुठून आला ते आता दिसतंय. ब्लॉकवर वेळ काही वाचलेला नाही. बझरपासून पायाची बोटं ब्लॉकवरून सुटेपर्यंतचा वेळ, म्हणजे ब्लॉक टाइम, तेव्हा 0.78 होता, आजही तिथेच आहे.

या आकड्यामागे आपण सगळेच लागतो, कारण शर्यतीत फलकावर तोच झळकतो. अव्वल स्प्रिंटर 0.6 ते 0.7 मध्ये ब्लॉक सोडतात. पण त्यात बझर ऐकणं आणि पायांनी ढकलणं, दोन्ही आलं. ढकलणं अर्ध्यावर सोडलं की आकडा सुंदर दिसतो आणि वेग जातो. म्हणून तो मी सध्या आहे तिथेच ठेवलाय.

ब्लॉकवर एवढंच बदललं: मागची प्लेट (मागचा पाय टेकवायची तिरकी फळी) एक खाच मागे घेतली, त्यामुळे मागचा गुडघा साधारण काटकोनात येतो. कंबर उंच, हात कडेला घट्ट. बझर वाजला की आधी हातांनी ओढायचं, मग पाय.

खरी कमाई पाण्यात शिरल्यानंतरची. त्या क्षणी आपला वेग पुढच्या कुठल्याही स्ट्रोकमध्ये मिळणार नाही इतका असतो, आणि तिथून तो फक्त घटत जातो. म्हणजे काम एकच, तो हळूहळू घटू द्यायचा. बोटांनी पाण्याला जिथे भोक पाडलं त्यातूनच डोकं, कंबर आणि पावलं गेली पाहिजेत. यासाठी मैत्रीण पाण्यात हूप धरून उभी राहायची. हूपमधून हात-डोकं सहज जातं, अडतात ते पाय. हवेत असताना कंबरेतून किंचित मोडून टाचा वर उचलल्या की पाय मागोमाग येतात. (हा सराव खोल बाजूलाच करा. उथळ पाण्यात सूर मारून मानेला होणारी इजा आयुष्यभराची असू शकते.)

मग प्रश्न पहिल्या डॉल्फिन किकचा, म्हणजे दोन्ही पाय जुळवून पाण्याखाली मारायच्या किकचा. शिरल्या शिरल्या किक मारावीशी वाटते, अंगात जोर असतो ना! पण शरीर किकपेक्षा वेगात जात असताना गुडघे वाकवले तर ते पाण्याला अडवतात. मी किक वेगवेगळ्या अंतरावर सुरू करून 15 मीटरच्या वेळा लावून पाहिल्या. पावलं बुडताच किक सुरू केली की वेळ सगळ्यात वाईट. पूर्ण स्ट्रीमलाइनमध्ये (हात डोक्यापुढे जुळवून, अंग सरळ ताणून) थांबून, डोकं 6 मीटरच्या आसपास असताना सुरू केली की सगळ्यात चांगली. तुमचं अंतर वेगळं निघेल. वेगाने शिरणाऱ्याला अजून थांबणं परवडेल.

वर यायचं कधी? नियमाने 15 मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे, पण तिथपर्यंत खाली राहण्याची सक्ती नाही. माझी किक पोहण्यापेक्षा मंद पडते ती 10 मीटरच्या पुढे, म्हणून मी तिथेच वर येते. अमेरिकन स्प्रिंटर केलेब ड्रेसेलचं पाण्याखालचं अंतर पाहून आपलं ठरवू नये. त्याची किकच वेगळ्या जातीची आहे.

मोजण्याबद्दल एक गोष्ट. फोन 15 मीटरच्या खुणेशी असेल तर बझर आवाजावरून धरू नका. आवाजाला तेवढं अंतर कापायला सुमारे 0.04 सेकंद लागतात. स्टार्टच्या यंत्राचा दिवा फ्रेममध्ये घ्या आणि तिथून मोजा. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर एक फ्रेम 0.017 सेकंदांची, म्हणून 0.02 चा फरक दिसला तर मी त्याला सुधारणा म्हणत नाही. 240 फ्रेमवर मात्र ब्लॉक टाइमही नीट वाचता येतो.

आता ब्रेकआउट, म्हणजे पाण्याखालून वर येऊन पोहायला लागणं. पहिला स्ट्रोक पाण्याखालीच सुरू व्हावा आणि पहिल्या दोन स्ट्रोकमध्ये श्वास घेऊ नये, यावर काम चालू आहे. 10 ते 15 मीटरचा तुकडा वेगळा मोजायला घेतलाय, कारण उरलेला वेळ तिथेच सांडतोय असं व्हिडिओत दिसतं.